तवक्कुल : 'दैवावर हवाला', की आणखी काही?

बोरूबहाद्दर :
मंडळी, एका 'आणि'पाशी दोन दिवस अडून बसले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी उर्दूत लिहिलेल्या आठवणींचा मराठी अनुवाद माझ्याकडे मुद्रितशोधनाला आलाय. पान २०२० च्या एप्रिलमधलं, कोरोनाच्या टाळेबंदीतलं. मूळ वाक्य असं : 'हमने अल्लाह पर तवक्कुल किया और दरवाज़े बंद कर लिए.' अनुवादकाने केलंय : 'आम्ही दैवावर हवाला ठेवला आणि दारं बंद करून घेतली.' वाचताना ठेच लागते. दैवावरच हवाला ठेवला, मग कडी कशाला घातली?

अनुवादकाला फोन केला. तो म्हणाला, 'मग "आणि" काढून "पण" घाला.' म्हणजे 'दैवावर हवाला ठेवला, पण दारं बंद केली'. वाक्य मराठीत सरळ झालं खरं, पण ते लेखकाचं राहिलं नाही असं वाटतंय. त्यांनी 'और' लिहिलंय, 'मगर' नाही. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसतच नाही. तर तवक्कुल म्हणजे नेमकं काय, आणि त्याला मराठीत काय म्हणायचं?

जुनी पाटी :
बाई, एवढं काय त्यात! 'दैवावर हवाला' हा चांगला रुळलेला वाक्प्रचार आहे. हवाला शब्दही अरबीच, तेव्हा मूळ लेखकही नाराज होणार नाहीत. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हे सगळ्या धर्मांत असतं. त्यांच्या घरी हरीच्या जागी अल्लाह. 'पण' घाला आणि मोकळ्या व्हा.

खाडीपल्याड :
बोरूताई, 'पण' घालू नका. तुमचा कान बरोबर सांगतोय.

आधी सांगते, मी कुणी आलिमा, म्हणजे धर्मपंडिता, नाही. दापोलीकडची, शाळेत मराठी शिकवते. अरबी जेवढी येते तेवढी अब्बांकडून आलेली.

तवक्कुलचा धातू वाव, काफ, लाम. याच धातूतला एक शब्द आपण सगळेच वापरतो : वकील. ज्याच्यावर आपलं काम सोपवलं, तो वकील. कुराणात अल्लाहलाच वकील म्हटलंय. 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील', म्हणजे आम्हाला अल्लाह पुरे आणि तो फार चांगला वकील (सुरा आले इम्रान, आयत १७३). आमच्याकडे होडी वादळात सापडली तरी बायका हेच म्हणत बसतात. तेव्हा तवक्कुल म्हणजे, अगदी शब्दशः, अल्लाहच्या नावाने वकीलपत्र करणं.

आता जमिनीच्या दाव्यात ज्यांचे जोडे झिजलेत त्यांना पुढचं सांगायला नको. वकीलपत्रावर सही केली म्हणून अशिलाला सुट्टी लागत नाही. (अशील हाही अरबीच. असील म्हणजे ज्याचं मूळ काम आहे तो.) सातबारा तुम्ही काढायचा, साक्षीदार तुम्ही गोळा करायचे, तारखेला तुम्ही हजर राहायचं. हातात नसतो तो फक्त निकाल. निकालाचा घोर मात्र तुम्ही वकिलावर सोपवलेला असतो, म्हणून रात्री झोप लागते. तवक्कुलमध्ये ही झोपही आहे आणि तारखेला हजर राहणंही आहे.

दुसरी गोष्ट उंटाची. तिरमिजींच्या हदीससंग्रहात आहे. (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, वागण्याची नोंद.) एकाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधून तवक्कुल करू, की मोकळा सोडून? उत्तर आलं, 'इअकिल्हा व तवक्कल' : त्याला बांध आणि तवक्कुल कर. (या हदीसची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, काही जाणकारांना कच्ची वाटते, पण अर्थाबद्दल कुणाचा वाद नाही.) यातला पहिला शब्द नीट ऐका. इअकिल. धातू ऐन, क़ाफ (वकीलमधला काफ नव्हे), लाम. उंटाचा गुडघा बांधायच्या दोरीला इकाल म्हणतात. अरब लोक डोक्यावरच्या रुमालावर जी काळी गुंडाळी चढवतात तिलाही इकालच म्हणतात. आणि याच धातूतून आली आपली अक्कल. भरकटू न देणारी ती अक्कल. म्हणजे पैगंबरांचं ते दोन शब्दांचं वाक्य मराठी नातेवाईक धरून वाचलं तर त्यात आधी अक्कल आहे, मग वकील. आणि मधे 'व' आहे. अरबीतलं 'आणि'.

जुनी पाटीकाका, तुमचा खाटल्यावरचा माणूस अरबीतही आहे, पण त्याचं नाव वेगळं. तवक्कुलमधलं दुहेरी क सुटं करा आणि वचा स्वर लांबवा : तवाकुल. म्हणजे दुसऱ्यावर ढकलून निवांत बसणं. हा टीकेचा शब्द आहे. आमच्या मशिदीत जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे भाषणात, या दोन शब्दांवर दर दोन वर्षांनी एकदा तरी प्रवचन होतंच.

आता दारं बंद करण्याबद्दल. हे २०२० मध्ये सुचलेलं शहाणपण नाही. इसवी सन ६३८-६३९ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या अमवास गावातून प्लेगची साथ उठली आणि शाम, म्हणजे सीरियाकडच्या, प्रांतभर पसरली. खलिफा उमर मदिनेहून तिकडेच निघाले होते. वाटेत सर्ग नावाच्या मुक्कामावर बातमी कळली. त्यांनी आधी मुहाजिरांना, म्हणजे मक्केहून आलेल्यांना विचारलं, मग अन्सारांना, म्हणजे मदिनेतल्यांना. दोन्हीकडे एकमत होईना. शेवटी मक्केच्या कुरैश टोळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, ते एकमुखाने म्हणाले, परत फिरा. उमरनी माघारीचा हुकूम दिला तेव्हा शामचे सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, 'अल्लाहच्या कदरपासून पळताय?' कदर म्हणजे ठरवून ठेवलेलं. तुमच्या अनुवादकाचं 'दैव' बसवायचंच असेल तर ते इथे बसेल, तवक्कुलपाशी नाही.

उमरांचं उत्तर अब्बा अरबीत म्हणून दाखवायचे. 'अबू उबैदा, हे तुझ्याऐवजी दुसरं कुणी बोललं असतं तर! हो, अल्लाहच्या कदरपासून अल्लाहच्याच कदरकडे पळतोय.' आणि पुढे दाखला दिला. तुझे उंट घेऊन तू एका दरीत उतरलास, एक बाजू हिरवी, दुसरी उजाड. हिरव्या बाजूला चारलेस तरी अल्लाहच्या कदरनेच ना, आणि उजाड बाजूला चारलेस तरी?

मग पैगंबरांचे सोबती अब्दुर्रहमान इब्न औफ आले. ते आधी कामाला बाहेर गेले होते. त्यांनी पैगंबरांचे शब्द सांगितले : एखाद्या मुलखात साथ असल्याचं ऐकलंत तर तिकडे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथेच आली तर पळ काढायला बाहेर पडू नका. अबू उबैदा आपल्या माणसांत परतले आणि त्याच साथीत वारले. त्यांच्यामागून पैगंबरांचे दुसरे सोबती मुआज इब्न जबलही गेले. उमरांवर कुणी भित्रेपणाचा ठपका ठेवला नाही आणि अबू उबैदांना कुणी अविचारी म्हटलं नाही. परंपरेने दोघांनाही मोठं मानलं, आणि मला तरी हे त्या सगळ्या कथेतलं सर्वांत अवघड वाटतं.

लांबलं. शाळेची घंटा झाली.

जुनी पाटी :
वकीलपत्र आवडलं. मी चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

तरी शंका राहते. 'संसर्ग नसतो' अशी एक हदीस आहे म्हणतात. ती असताना ही दारं लावायची भाषा कुठून आली? आणि त्या २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत तबलिगी जमातीच्या मरकजचं जे झालं ते तवक्कुल की तवाकुल?

पोथीवाला :
काका, दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण ते थोडक्यात आटपतं. मरकज म्हणजे केंद्र, बस्स. अरबी भूमितीत वर्तुळाचा मध्य. त्या मार्चमध्ये हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आठ दिवसांत शिवीसारखा झाला. तेव्हा गर्दी जमवणं चूकच होतं, कुणीही जमवलेली असो. पण त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. त्या बातमीचा मथळा मात्र कुणाला आठवत नाही. शब्दाला चिकटलेली काजळी निकालाने धुतली जात नाही, एवढंच शब्दचर्चेपुरतं.

आता 'ला अद्वा'. अद्वा म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारणं, संसर्ग. हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. ला अद्वा, म्हणजे अद्वा नाही. पण तिच्याच एका पाठात पुढचं वाक्य आहे : महारोग्यापासून असा पळ, जसा सिंहापासून पळशील. शिवाय आजारी जनावर निरोगी कळपाजवळ आणू नये अशी वेगळी हदीस. एका बदूने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, विचारलं, माझे उंट वाळूत हरणासारखे चपळ असतात, एक खरजुला येतो आणि सगळ्यांना खरूज लागते, ते कसं? त्याला उलट प्रश्न आला : मग पहिल्याला कोणी लावली?

या एका प्रश्नावर शतकानुशतकं शाई सांडली आहे. एक वाचन असं की रोगाला स्वतःची स्वतंत्र सत्ता नाही एवढंच इथे सांगायचंय, कारणं नाकारायची नाहीत. दुसरं वाचन शब्दशः : संसर्ग नाहीच. दोन्हीकडे मोठी माणसं होती. ग्रनाडाचा इब्नुल खतीब हा वजीर, वैद्य आणि कवी. त्याने १३४८ च्या काळ्या साथीनंतर लिहिलं की संसर्ग अनुभवाने, निरीक्षणाने, पुन्हापुन्हा आलेल्या खबरींनी सिद्ध आहे. रोग्याजवळ जाणारा मरतो, लांब राहणारा वाचतो. कपड्यातून, भांड्यातून, अगदी कानातल्या दागिन्यातूनही तो घरात शिरतो. आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीशी एखादं वचन जुळत नसेल तर वचनाचा अर्थ लावून घ्यावा लागतो. चौदाव्या शतकात हे लिहायला छाती लागते.

उलट बाजूला कैरोचे इब्न हजर अस्कलानी. हदीसशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांच्या तीन मुली प्लेगने गेल्या. ताऊनवर त्यांनी एक अख्खा ग्रंथ लिहिला. (ताऊन म्हणजे प्लेग. धातूचा अर्थ भोसकणं, भाला खुपसणं. हिंदी-उर्दूतला 'ताना मारना' याच घरचा. साथीच्या रोगाला सरसकट वबा म्हणतात. प्रत्येक ताऊन वबा, पण प्रत्येक वबा ताऊन नव्हे. त्या हिशेबाने कोरोना ही वबा.) इब्न हजर संसर्ग मानत नव्हते. तरी त्यांनीच लिहून ठेवलंय की इसवी सन १४३० मध्ये कैरोत दिवसाला चाळीसहून कमी माणसं मरत होती. तीन दिवस रोजे धरून लोक एकत्र वाळवंटात दुआ मागायला गेले, आणि महिना उलटायच्या आत आकडा दिवसाला हजारावर गेला. स्वतःच्या मताला अडचणीचा आकडा त्यांनी दडवला नाही. २०२० मध्ये मशिदी बंद ठेवायच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेच पान पुन्हापुन्हा उघडलं.

मुंबईकरांना जवळचं उदाहरण हवं असेल तर १८९७ चं. शास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगची लस नवी होती, लोक बिचकत होते. इस्माइली खोजांचे इमाम तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे. त्यांनी लोकांदेखत स्वतः टोचून घेतली आणि आपला खुश्रू लॉज बंगला हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिला. त्यांच्या अनुयायांना कोणी प्रवचन देत बसलं नाही, त्यांनी दंड बघितला.

वॉर्डातली :
मी परिचारिका आहे, मराठी तशी कामापुरतीच लिहिते. पण दोन शब्द माझेही.

एक, नाइलाज. 'माझा नाइलाज आहे' आपण किती सहज म्हणतो, साहेबांना रजा नाकारायची असली तरी. इलाज म्हणजे उपचार, हे बोलताना डोक्यातच नसतं. एका रुग्णाच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, 'बेटी, हमारे यहाँ नाइलाज कुछ नहीं.' पैगंबरांनी म्हटलंय म्हणे, औषध घ्या, अल्लाहने प्रत्येक दुखण्यावर दवा ठेवलीय, एक सोडून : म्हातारपण. हे सांगून ते वडील स्वतःच हसले. त्यांचं वय त्र्याहत्तर.

दुसरा शब्द शहीद. त्यांचा मुलगा गेला. ३० मार्चला मुंबईत आधी परिपत्रक निघालं होतं की धर्म कोणताही असो, कोरोनाच्या मृतांना दहनच. ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानावरून खटला झाला आणि २२ मेला उच्च न्यायालयाने दफनाला विरोध करणारे अर्ज फेटाळले. दफनाला हरकत राहिली नाही, पण गुस्ल, म्हणजे मय्यतीला अंघोळ, तो कसा घालणार? पिशवी उघडायची नाही असा आमचा नियम. कुणी म्हणे गुस्ल माफ, कुणी म्हणे पिशवीवरूनच तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या मातीने शुद्धी, करा. एक माणूस आला, अंगभर किट. प्लास्टिकच्या डब्यात कोरडी माती होती. हातमोजे घातलेले हात मातीवर थोपटले आणि पिशवीवर, चेहरा असेल तिथे, फिरवले. पुन्हा थोपटले, हातांच्या जागी फिरवले. एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत.

वडील काचेपलीकडून बघत होते. म्हणाले, 'वह शहीद है.' मला तेव्हा विचित्र वाटलं, शहीद म्हणजे सीमेवरचा. मराठीत आपण हुतात्मा म्हणतो. जाणकारांनी सांगावं.

पोथीवाला :
ताई, तुम्ही लिहिलंत ते कोशात सापडत नाही. उत्तर एवढंच : शहीदचा धातू साक्ष देण्याचा. हदीसमध्ये शहीद पाच सांगितलेत. ताऊनने गेलेला, पोटाच्या विकाराने गेलेला, बुडालेला, ढिगाऱ्याखाली सापडलेला, आणि पाचवा लढाईतला. कोरोनाने गेलेल्यांनाही बहुतेक उलेमांनी या यादीत धरलं. रणांगणातल्या शहिदाला गुस्ल नसतो, बाकीच्यांना असतो, म्हणूनच तो मातीचा डबा आला. 'हुतात्मा'त आहुती आहे, स्वतःला झोकून देणं आहे. साथीत मेलेल्याने स्वतःला कुठे झोकलेलं नसतं. तेव्हा इथे शहीदचा हुतात्मा करू नये.

खाडीपल्याड :
डब्याची गोष्ट वाचून थोडा वेळ गेला.

सब्रबद्दल सांगायचं राहिलं होतं. मराठीत त्याची सबुरी झाली, शिर्डीच्या साईबाबांमुळे घरोघरी पोचली, आणि मवाळ झाली. 'सबुरीने घ्या' म्हणजे घाई नको. पण ऐतिहासिक नाटकात तलवार उपसलेल्याला कोणी ओरडतं ना, 'सबूर!', तो अर्थ मुळाच्या जास्त जवळचा. अरबीत सब्र म्हणजे धरून ठेवणं, जखडून ठेवणं. बांधून ठेवून मारलेल्या कैद्याबद्दलही हा धातू वापरतात. पुन्हा दोरीच बघा.

पैगंबरांच्या पत्नी आयेशांनी सांगितलेली ताऊनची हदीस आहे. पूर्वी हा अजाब, म्हणजे शिक्षा होता, अल्लाहने तो श्रद्धावंतांसाठी रहमत, म्हणजे कृपा केला, आणि साथ आली असता जो आपल्या गावात साबिर, म्हणजे सब्र करणारा, होऊन राहतो, जे लिहिलंय तेच आपल्याला लागेल हे जाणून, त्याला शहिदाइतका सवाब, म्हणजे पुण्य. म्हणजे तो मेलाच पाहिजे असं नाही. गावात थांबला, एवढ्यावर. वर्तमानपत्रं तेव्हा रोज 'कोरोनाचा कहर' छापत होती. कहर आमच्याकडे अल्लाहचा असतो, विषाणूचा नाही, पण मराठीत तो आता कुणाचाही असतो, पावसाचा, डासांचा. तक्रार नाही, नोंद करतेय.

अब्बांचं सांगते. चाळीस वर्षांत जुम्याची जमात, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, चुकवली नव्हती. मशीद घरापासून दोनशे पावलांवर. कुवेतमध्ये १३ मार्चलाच अजानमध्ये 'अस्सलातु फी बुयूतिकुम', नमाज घरातच, असं म्हणायला लागले होते, तो व्हिडिओ त्यांनी मला दहादा लावायला लावला. मी म्हटलं नवीनच आहे हे. म्हणाले, नवीन कसलं, भर पावसात पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी हेच म्हणायला लावलं होतं. याला रुखसत म्हणतात. मराठीत रुखसत म्हणजे निरोप, फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, सवलत. सवलत घेणंही इबादतच, म्हणजे उपासनाच.

एवढं सगळं तोंडपाठ असलेला माणूस पहिल्या जुम्याला पडवीत मुसल्ला, म्हणजे नमाजाची चटई, अंथरून बसला, अजान झाली, आणि उठेचना. जुम्याच्या दोन रकातींऐवजी (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन) जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, चार पढायच्या होत्या. मी आतून बघत होते. गेटची कडी मीच घातली होती, आदल्या रात्री, कुलूपही लावलं होतं. ते एकदा उठून गेटपर्यंत गेले, कुलूप हाताने ओढून बघितलं, लागलंय ना, आणि परत येऊन उभे राहिले नमाजला.

तवक्कुलचं भाषांतर मला येत नाही. पण ते कुलूप ओढून बघणं त्यात यायला हवं.

जुनी पाटी :
बाई, 'हवाला' मागे घेतो. 'आम्ही अल्लाहला वकीलपत्र दिलं आणि दारं लावून घेतली' असं सुचवणार होतो, पण फार चतुर वाटतं. निवृत्त शिक्षक असं लिहिणार नाहीत. 'अल्लाहवर भिस्त ठेवली आणि दारं लावून घेतली' कसं वाटतं? भिस्तमध्ये निदान दैव नाही.

खाडीपल्याड :
काका, भिस्त चालेल. भरवसाही चालेल. दैव तेवढं नको.

बोरूबहाद्दर :
सगळ्यांचे आभार. 'भिस्त' आणि मूळ शब्द, दोन्ही अनुवादकाला वाचून दाखवले. त्याने स्वतःच 'दैवावर हवाला' खोडला. आता वाक्य असं गेलंय : 'आम्ही अल्लाहवर तवक्कुल केलं आणि दारं लावून घेतली.' तळटीप घालायची नाही असं ठरलं, कारण पुढच्याच परिच्छेदात लेखक गेटला दोनदा कुलूप लावायला पाठवतात, वाचकाला कळेल. 'बंद करून घेतली'चं 'लावून घेतली' मी केलं, कोकणात दार लावतात.

आता तो विचारतोय, एकोणनव्वदाव्या पानावर 'सब्र का इम्तिहान' आहे, त्याचं काय करू. त्याने 'सहनशीलतेची परीक्षा' केलंय. मी त्याला म्हटलं, सबूर.